मेक्सिकोचं आखात, तेलगळती आणि किनाऱ्यावरचा राग

खारावारा | ११ जून २०१०, रात्री ९:४०

गेल्या रविवारी आम्ही ग्रँड आयलला, अमेरिकेतल्या लुईझियानाच्या किनाऱ्यावरच्या बेटावर, जाऊन आलो. बॅटन रूजहून अडीच-तीन तासांची वाट, शेवटचा टप्पा दोन्ही बाजूंना पाणथळ गवत आणि मधून सरळ रस्ता. दर उन्हाळ्यात आम्ही तिथे कोलंबी आणायला जातो. या वेळी कोलंबी मिळणार नाही हे माहीत होतं, तरी गेलो. बातम्या बघून बघून जीव नुसता तळमळत होता.

किनारा मे महिन्यापासून बंद आहे. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं आणि बघायचं. पांढरे कपडे, पिवळे बूट घातलेली माणसं फावड्याने वाळू खरवडून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरत होती. जितकं भरतात त्याहून जास्त पुढच्या भरतीला येतं. दोरीजवळच एक गोळा पडला होता, साधारण आपल्या बेसनाच्या लाडवाएवढा. काडीने टोचून पाहिला. वरून विटकरी, कडक; आत काळपट आणि चिकट. काडीला जे लागलं ते पाण्याने जाईना, पानाला पुसून जाईना. हे एका पेलिकनच्या पिसांना लागलं तर तो उडणार कसा, एवढंच डोक्यात आलं. तपकिरी पेलिकन हा लुईझियानाचा राज्यपक्षी. कीटकनाशकांमुळे इथून पार नाहीसा झाला होता, फ्लोरिडाहून पिल्लं आणून पुन्हा वाढवला आणि धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून बाहेर येऊन त्याला अजून वर्षही झालेलं नाही.

गावात घराघरासमोर हाताने रंगवलेल्या पाट्या आहेत. एका अंगणात पांढरे क्रूस ओळीने रोवलेत, जे जे गेलं त्याचं नाव एकेका क्रूसावर. पेलिकन, कोलंबी, सूर्यास्त. मी तिथे बराच वेळ उभी होते.

ज्यांनी बातम्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: २० एप्रिलला लुईझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर डीपवॉटर होरायझन या रिगवर, म्हणजे समुद्रात तेलविहीर खणणाऱ्या तरंगत्या फलाटावर, स्फोट झाला. ११ कामगार गेले. २२ तारखेला रिग बुडाली. विहीर बीपी या ब्रिटिश तेलकंपनीची, रिग ट्रान्सओशन कंपनीची, सिमेंटचं काम हॅलिबर्टन कंपनीचं. दीड किलोमीटर खोल समुद्रतळाशी तेव्हापासून तेल वाहतंय. आज बावन्न दिवस झाले.

माझा संताप कशावर आहे ते सांगते. गळतीवर आहेच. पण त्याहून जास्त आकड्यांवर आहे. सुरुवातीला दिवसाला १ हजार बॅरल म्हणाले (एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर). मग ५ हजार, आणि महिनाभर त्यालाच चिकटून बसले. मे महिन्यात पर्ड्यू विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी समुद्रतळाचा व्हिडिओ बघून हिशेब केला आणि ७० हजारांच्या आसपास सांगितलं, तर त्यांना खोडून काढलं. काल सरकारी शास्त्रज्ञांच्या गटाने २० ते ४० हजार जाहीर केले. आणि हे चुकून झालं असं मला वाटत नाही, कारण इथल्या कायद्यात दंड बॅरलवर आहे. एका बॅरलला ११०० डॉलर, घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ४३०० पर्यंत. ज्याने दंड भरायचा त्यानेच मोजायचं?

आणि या सगळ्यात कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड म्हणतात, समुद्र फार मोठा आहे, त्या मानाने तेल अगदी थोडं. ३० मेला तर म्हणाले, हे संपावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नाही, मला माझं आयुष्य परत हवंय. त्या ११ घरांत हे कसं ऐकलं असेल?

कालच न्यू ऑर्लिन्सच्या पी अँड जे या १८७६ पासूनच्या कालवांच्या दुकानाने कालवं सोलायचं काम थांबवलं. लोकहो, लिहा. एकटीने हे डोक्यात घेऊन फिरवत नाही.

---

समिधा_पुणे | १२ जून २०१०, सकाळी ७:१५

खारावाराताई, तुमचं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच येत होतं. ७ जूनला भोपाळचा निकाल लागला. पंचवीस वर्षांनंतर सात जणांना दोन-दोन वर्षांची शिक्षा, आणि लगेच जामीन. १९८९ ची तडजोड ४७ कोटी डॉलरची. तिकडे अमेरिकेचा अध्यक्ष कंपनीला जाब विचारतोय, आणि विचारायलाच हवा. पण त्याच अमेरिकेतल्या कंपनीने आमच्याकडे हजारो माणसं मारली तेव्हा हा आवाज कुठे होता? एकाच आठवड्यात या दोन्ही बातम्या वाचायच्या म्हणजे मन घट्ट करावं लागतं.

---

खारावारा | १२ जून २०१०, सकाळी ९:०२

समिधा, अगदी. इथे ऑफिसात मी भोपाळ हा शब्द काढला तर दोघांनाच माहीत होतं. मी सांगितलं सगळं. सांगत राहणार.

---

डेकवरून | १५ जून २०१०, रात्री १:२०

मी ह्यूस्टनमध्ये ड्रिलिंगमध्ये आहे, बीपीत नाही. आठ वर्षं रिगवर काढली. आमच्या धंद्यातले लोक या धाग्यावर यायला कचरतील, पण गप्प बसणं मला बरोबर वाटत नाही.

विहीर खणताना भोकात जड चिखल भरलेला असतो. आम्ही त्याला मड म्हणतो. खालच्या तेलावायूचा दाब वर येऊ न देणं हे त्या मडच्या वजनाचं काम. विहीर खणून झाली की आत लोखंडी नळ्या उतरवायच्या, नळी आणि खडकाच्या मधल्या फटीत सिमेंट भरायचं, मग मड काढून जागी समुद्राचं पाणी घालायचं. म्हणजे सिमेंट नीट बसलेलं नसेल तर जड मड निघाल्याबरोबर खालचा वायू सुटतो. म्हणून मड काढण्याआधी तपासायचं.

आता या विहिरीत काय झालं? अमेरिकी काँग्रेसच्या समितीने काल पत्र प्रसिद्ध केलंय, त्यातलं सांगतो. नळी भोकाच्या मधोमध राहावी म्हणून सेंट्रलायझर लावतात. नळी एका बाजूला टेकली तर त्या बाजूला सिमेंट पोचतच नाही. हॅलिबर्टनने २१ लावायला सांगितले, बीपीने ६ लावले. सिमेंट नीट धरलंय का हे बघणारी चाचणी करायला दुसऱ्या कंपनीची माणसं रिगवर आली होती. त्यांना २० तारखेच्या सकाळी काम न करताच परत पाठवलं. त्या एका चाचणीला काही तास आणि थोडे पैसे लागले असते. काम ४३ दिवस मागे पडलेलं, आणि नुसत्या रिगचं भाडं दिवसाला ५ लाख डॉलर.

शेवटी संध्याकाळी उलट्या दाबाची चाचणी झाली. एका नळीत १४०० पीएसआय (हे दाब मोजायचं एकक) दाब दिसत होता, दुसरीत शून्य. दोन्ही नळ्या एकाच विहिरीत उतरतात. दोन्हीकडे शून्य दिसलं तरच विहीर बंद. हा १४०० चा काटा डोळ्यांसमोर असताना चाचणी पास धरली आणि मड काढायला सुरुवात केली. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून बाहेर गेलो. असा काटा पाहून मी स्वतः काम थांबवलंय, आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्यात.

गेले ते ११ जण माझ्यासारखेच होते. ड्रिल फ्लोअरवरचे, मड पंपावरचे. बातम्यांत पेलिकन दिसतात, ती दिसलीच पाहिजेत, पण त्यांची नावं कुणी घेत नाही याचा त्रास होतो.

---

खारावारा | १५ जून २०१०, सकाळी ८:३०

डेकवरून, मनापासून आभार. माझ्या पहिल्या पोस्टमध्येही त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलं. खरं आहे तुमचं.

---

निशिगंध | १५ जून २०१०, दुपारी १२:११

आम्ही न्यू जर्सीत बीपीचा पंप सोडला. चार मैल लांब जातो पण तिथे भरत नाही. सगळ्यांनी करावं.

---

खारावारा | १५ जून २०१०, संध्याकाळी ६:४५

निशिगंध, भावना समजते. मीही पहिले दोन आठवडे तेच केलं. मग चौकशी केली. बीपीच्या पाटीचे बहुतेक पंप कंपनीचे नाहीतच, स्वतंत्र मालकांचे आहेत. त्यांचे वर्षानुवर्षांचे करार आहेत, पाटी काढता येत नाही. कितीतरी आपल्याकडचे लोक आहेत त्यात. माझ्या ओळखीचे एक गुजराती काका गेले तीन आठवडे स्वतः काउंटरवर रात्रपाळी करतायत, कारण कामाला ठेवलेला मुलगा परवडत नाही. त्यांच्या दारात कुणीतरी काळा रंग ओतून गेलं. ते गुडघे टेकून घासत होते, त्यांना मदत करताना मला आपलीच लाज वाटली.

---

खारावारा | १७ जून २०१०, रात्री ११:०५

काल व्हाइट हाउसमधून बाहेर आल्यावर बीपीचे अध्यक्ष स्वानबर्ग काय म्हणाले ऐकलंत? "आम्हाला लहान माणसांची काळजी आहे." ते स्वीडनचे, इंग्रजी त्यांची मातृभाषा नाही, नंतर माफीही मागितली. पण इकडे हा शब्द सगळ्यांना झोंबलाय. आज दुकानात एक जण म्हणाला, माझी बोट साठ फुटी आहे, लहान कुठून झालो?

चांगली बातमी म्हणजे ओबामांनी कंपनीला भरपाईसाठी २० अब्ज डॉलरचा निधी बाजूला ठेवायला लावला, वाटपाला केनेथ फाइनबर्ग हे वकील. आणि आज टेक्ससचे खासदार बार्टन यांनी भर सुनावणीत याबद्दल कंपनीचीच माफी मागितली! मग आपल्याच पक्षाने कान उपटल्यावर ती माफी मागे घेतली. हेवर्ड दिवसभर 'मला माहिती नाही', 'त्या निर्णयात मी नव्हतो' एवढंच म्हणत राहिले.

---

सडेतोड | १८ जून २०१०, सकाळी १०:२०

कटू बोलतो. सगळ्यांना गाडी हवी, एसी हवा, विमानाने भारतात जायला हवं. तेल कुठून येणार? आपण जाळतो म्हणून ते खणतात. कंपनीला शिव्या देणं सोपं आहे. किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांतले लोक याच धंद्यात आहेत. ओबामांनी खोल समुद्रातलं ड्रिलिंग सहा महिने थांबवलं तर तेच लोक रस्त्यावर आलेत.

---

डेकवरून | १८ जून २०१०, सकाळी १०:५८

त्या बंदीने माझेही मित्र घरी बसलेत, तो मुद्दा मान्य. पण गाडी चालवणाऱ्याने चाचणी करू नका म्हणून सांगितलं नव्हतं. बसमध्ये बसलो म्हणून ब्रेक न तपासण्याची परवानगी मी दिली असं होत नाही.

---

थेम्सकाठ | १८ जून २०१०, दुपारी ३:३०

लंडनहून. इथे उलटाच सूर आहे. ओबामा मुद्दाम 'ब्रिटिश पेट्रोलियम' म्हणतात म्हणून वर्तमानपत्रं रागावलीत. कंपनीचं नाव कित्येक वर्षांपूर्वीच नुसतं बीपी झालंय, हे खरं. पण मुळात चिंता लाभांशाची आहे. इथल्या बहुतेक पेन्शन फंडांत बीपी आहे, माझ्याही. परवा या वर्षाचा लाभांश थांबवल्याची घोषणा झाली तर ऑफिसात लोक ग्रँड आयलबद्दल नाही, आपल्या निवृत्तीबद्दल बोलत होते.

इथल्या लोकांना मी पायपर आल्फा या तेलफलाटावरच्या स्फोटाची आठवण देते. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्र, १६७ माणसं गेली. त्यानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या आणि सुरक्षा बघणारं खातं उत्पादन बघणाऱ्या खात्यापासून वेगळं केलं. अमेरिकेत आजवर एकच खातं तेलाचा महसूलही गोळा करायचं आणि रिगही तपासायचं. वीस वर्षं समोर उदाहरण असून शिकले नाहीत. या कंपनीचं म्हणाल तर २००५ मध्ये टेक्सस सिटीच्या रिफायनरीत १५ जण गेले, २००६ मध्ये अलास्कात गंजलेल्या पाइपलाइनमधून गळती. आणि पाटीवर हिरवंपिवळं सूर्यफूल.

---

बंदरावरचा | १९ जून २०१०, रात्री ११:३०

मी उरणजवळच्या गावातला. घर मासेमारीचं. मी नोकरी करतो पण वडील आणि भाऊ अजून दर्यावर. पहिल्या दिवसापासून वाचतोय. आज लिहितो, कारण एक गोष्ट कुणी बोललं नाही.

मी शाळेत असताना आमच्या खाडीत एका कंपनीचं तेल आलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, त्याचा आज उपयोग नाही. वडिलांनी डोल ओढली तेव्हा आई किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी. जाळं वर आलं, काळं. आई एवढंच म्हणाली, "म्हावरा नाय रं, नुसता त्याल हाय." ते जाळं रॉकेलने धुतलं, मग साबणाने धुतलं, शेवटी जाळलं.

नंतर साहेब आले, भरपाई देऊ म्हणाले. म्हणाले, तुम्ही रोज किती मासे विकता त्याचा पुरावा आणा. आई चाळीस वर्षं बाजारात बसते. वाटा लावते, पैसे घेते, कनवटीला लावते. पावती कसली? साहेबांनी विचारलं मग तुमचं नुकसान झालं हे कशावरून? आई त्यांच्या टेबलासमोर काही बोलली नाही. घरी येऊन चुलीपुढे रडली. मी पाहिलंय.

तर तुमच्या तिकडच्या मच्छीमारांकडे पावत्या आहेत का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

---

खारावारा | २० जून २०१०, दुपारी ४:५०

दादा, तुमची पोस्ट घरात मोठ्याने वाचून दाखवली.

तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. इथे लुईझियानात मासळी विकली की घेणाऱ्याने सरकारी 'ट्रिप तिकीट' भरायचं असतं. तारीख, बोट, कुठली मासळी, किती, काय भाव. ज्याच्याकडे तीन वर्षांची तिकिटं आणि कराची विवरणपत्रं आहेत त्याचं काम सोपं. पण बोटीवर मजुरीला जाणाऱ्याला रोख मिळतं. धक्क्यावर कोलंबीची डोकी काढणाऱ्या बायकांना पाउंडाच्या हिशेबाने मिळतं. किनाऱ्यावर ट्रक लावून थेट गिऱ्हाइकाला विकणारे आहेत. आणि या किनाऱ्यावरच्या कोलंबीवाल्यांत व्हिएतनामी लोक खूप. सायगाव पडल्यावर बोटीतून आले, इथे पुन्हा बोटीवरच उभे राहिले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नाही आणि दुभाषे पुरे पडत नाहीत.

गेले दोन शनिवार मी एका चर्चच्या हॉलमध्ये अर्ज भरायला मदत करतेय. एक व्हिएतनामी आजी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठ्या घेऊन आल्या. कॅलेंडरच्या मागे, पाकिटांवर, बर्फाच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे. नातीने एकेक वाचून सांगितला, मी तारखांप्रमाणे लावले. सत्तेचाळीस चिठ्ठ्या. मान्य होतील की नाही देव जाणे, पण त्या डब्यामुळे त्यांची बाजू मांडता तरी आली. दादा, तुमच्या आईंची आठवण मला तेव्हाच यायला हवी होती, त्यांना न भेटताही.

---

समिधा_पुणे | २० जून २०१०, रात्री ९:१२

अलास्कातल्या एक्झॉन वाल्डेझ या तेलवाहू जहाजाचं वाचलं. मार्च १९८९ ची गळती. ज्यूरीने १९९४ मध्ये ५ अब्ज डॉलर दंड सांगितला, कंपनी अपिलात लढत राहिली आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ५० कोटींच्या घरात आणला. ३२ हजारांहून जास्त दावेदार, निकाल येईपर्यंत त्यातले हजारो वारले. तिथली हेरिंग मासळी गळतीनंतर चार वर्षांनी कोसळली. म्हणजे पहिल्या वर्षीचं नुकसान दाखवून सही केली की चौथ्या वर्षीचं कुणाकडे मागायचं? आजींना सांगा ताई, शेवटचा कागद घाईने सही करू नका.

---

खारावारा | २१ जून २०१०, सकाळी ७:४०

समिधा, हे छापून हॉलच्या दारावर लावते. आणि हो, शनिवारी हेवर्डसाहेब आइल ऑफ वाइटला शिडाच्या होड्यांच्या शर्यतीला गेले होते. तिथलं पाणी स्वच्छ आहे म्हणे.

---

डेकवरून | १६ जुलै २०१०, सकाळी ६:०५

काल दुपारी थांबलं. नवी टोपी बसवली, झडपा एकेक करून बंद केल्या, कॅमेऱ्यात पाणी निवळलेलं दिसलं. ८७ दिवस. आम्ही सगळे स्क्रीनपुढे उभे होतो, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाजूची विहीर खणून खालून सिमेंट भरेपर्यंत काम पुरं नाही.

---

खारावारा | १६ जुलै २०१०, सकाळी ८:००

देवाची कृपा. पण तेल विरघळवण्यासाठी जे ७० लाख लिटरच्या आसपास रसायन फवारलं आणि तळाशी सोडलं, त्याचं काय होणार ते आता दिसायला लागेल. कालवांचं तर वेगळंच झालंय. तेल दूर ढकलायला मिसिसिपीचं गोडं पाणी खाड्यांत सोडलं, आणि कालवं गोड्या पाण्यानेच मेली.

---

बंदरावरचा | ९ ऑगस्ट २०१०, रात्री १०:२०

ताई, आता आमच्याकडे.

शनिवारी ७ तारखेला सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं धडकली, एमएससी चित्रा आणि खलिजिया. चित्रा आमच्या इथल्याच जेएनपीटी बंदरातून निघालेली. एका अंगावर कलंडलीय, कंटेनर पत्त्यांसारखे दर्यात पडतायत. काही कंटेनरांत कीटकनाशकं आहेत म्हणतात. किनाऱ्यावर बिस्किटांचे पुडे लागलेत, पोरं उचलायला धावतात, आम्ही त्यांना मागे ओढतोय.

आज ओहोटीला तिवरांत गेलो. मुळं वर येतात ना श्वास घ्यायला, बोटांसारखी, ती सगळी एका रेषेपर्यंत काळी. भरती जिथवर चढली तिथवर. खाली चिखलात निवटी. एरवी पाऊल टाकलं की टुणकन उडून बिळात जातात. एक जागचं हललं नाही. हातात घेतलं, तोंड उघडत होतं, कल्ल्यांना तेल.

पावसाळी बंदी आता उठायची होती. होड्या रंगवून तयार आहेत, नारळी पौर्णिमा २४ ला. मुंबईत लोकांनी मासे खाणंच सोडलंय. तुमच्याकडे रागवायला एक नाव तरी होतं. आमच्याकडे एक जहाज पनामाच्या झेंड्याचं, दुसरं सेंट किट्सच्या. दोन्ही कप्तानांवर गुन्हा दाखल झालाय. आम्ही मोर्चा न्यायचा तर कुणाच्या दारात?

---

खारावारा | ९ ऑगस्ट २०१०, रात्री ११:१०

दादा, वाचून हात कापतायत. मोर्चा काढा, नक्की काढा. पण आज रात्रीपासून हे करा, इथल्या हॉलमध्ये जे शिकले ते सांगते. त्या काळ्या मुळांचे फोटो, शेजारी आजचा पेपर तारीख दिसेल असा धरून. तीच जागा दर दोन दिवसांनी. मेलेली मासळी, खराब झालेली जाळी फेकू नका, आधी फोटो. आणि पंचनामा गावातल्या लोकांच्या सह्यांनिशी, उद्याच. वाट बघू नका.

---

रेवसकर | १० ऑगस्ट २०१०, सकाळी ६:३०

अलिबागकडून लिहितो. भावा, पावती नाही म्हणतोस, पण डिझेलची आहे. मच्छीमार सोसायटीतून होडीला डिझेल मिळतं, विक्रीकराच्या परताव्यासाठी सोसायटीत प्रत्येक होडीची नोंद असते. कुठल्या महिन्यात किती लिटर उचललं यावरून होडी किती फेऱ्या गेली ते निघतं. बर्फाच्या कारखान्याची वहीही बघ. बिगरयांत्रिक होड्या आणि खाडीत हाताने धरणाऱ्या बायका मात्र यात येत नाहीत, त्यांचं वेगळं लिहावं लागेल. तलाठ्याला आणि मत्स्य खात्याला एकच अर्ज, दोन्हीकडून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

---

बंदरावरचा | १० ऑगस्ट २०१०, दुपारी १:४५

सोसायटीत आहे. सेक्रेटरींनी रजिस्टर काढलंय. ६२ होड्या. झेरॉक्स चालू.

---

बंदरावरचा | २५ ऑगस्ट २०१०, रात्री ९:३०

काल नारळ वाहिला. दरवर्षीसारखी बायकांनी गाणी म्हटली, पण म्हाताऱ्यांनी या वेळी दर्याची माफी मागितली. माझ्या आजीने नारळ सोडताना पाण्याला हात लावून कपाळाला लावला तर बोटं काळी.

अर्ज गेला. ६२ होड्या आणि १४३ बायका. बायकांची यादी आईने घरोघर फिरून केली. कोण चिंबोऱ्या धरते, कोण कालवं फोडते, कोण निवटी. आई सांगायची, माझी बहीण लिहायची. साहेबांनी विचारलं या १४३ कुठल्या, यांचा परवाना कुठे? आईने सांगितलं, "मी चाळीस वर्षं बाजारात बसते, माझं गिऱ्हाईक बोलावू का?" मग पोच दिली.

---

खारावारा | ४ जुलै २०१५, सकाळी ९:२०

पाच वर्षांनी धागा वर काढतेय. परवा तडजोड जाहीर झाली, १८.७ अब्ज डॉलर, केंद्र सरकार आणि पाच राज्यं मिळून. गेल्या सप्टेंबरात न्यायमूर्ती बार्बिए यांनी घोर निष्काळजीपणा ठरवला होता, आणि जानेवारीत समुद्रात किती गेलं याचा आकडा: ३१ लाख ९० हजार बॅरल. सरकार त्याहून बरंच जास्त म्हणत होतं, कंपनी बरंच कमी. दिवसाला ५ हजारांच्या हिशेबाने ८७ दिवसांचे ४ लाख ३५ हजारच होतात, हे आठवा. तो कमी आकडा काँग्रेसपुढे सांगितल्याचा गुन्हा कंपनीने २०१२ मध्येच कबूल केलाय, ११ मृत्यूंच्या गुन्ह्यांबरोबर. पण आजवर एकही माणूस तुरुंगात गेलेला नाही. त्या आकड्यावरून ज्या अधिकाऱ्यावर खटला होता तो गेल्या महिन्यात निर्दोष सुटला.

बाराटारिया खाडीतले डॉल्फिन अजून आजारी सापडतात, फुप्फुसाचे विकार. ग्रँड आयलला कोलंबी मिळते, मी आणते, पण वादळानंतर वाळूत गोळे अजून वर येतात.

डब्यावाल्या आजींना थोडी भरपाई मिळाली. मागितली त्याच्या निम्मीही नाही. बंदरावरचे दादा, आहात का? तुमच्याकडे काय झालं?

---

डेकवरून | ४ जुलै २०१५, दुपारी २:३३

मी २०१२ मध्ये रिग सोडली. आता नव्या पोरांना शिकवतो. पहिल्या तासाला तो १४०० चा काटा फळ्यावर काढतो आणि विचारतो, तुम्ही काय कराल.

---

बंदरावरचा | ६ जुलै २०१५, रात्री १०:५०

आहे ताई. आमच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. दरवर्षी एक स्मरणपत्र देतो, पोच घेतो. पाच पोचपावत्या झाल्या. तिवरं बऱ्यापैकी सावरली, काही पट्टे मात्र वाळून गेले ते गेलेच. निवटी परत आली, पूर्वीइतकी नाहीत.

आई त्या ऑगस्टपासून वही ठेवते. तिला लिहिता येत नाही, रोज संध्याकाळी माझी मुलगी लिहिते. आता आठवी वही चालू आहे. होड्या वर ओढलेल्या, खाडीतलंच काय ते. आजचं पान तुमच्यासाठी जसंच्या तसं:

सोमवार, ६ जुलै. पाऊस. चिंबोरी ७, मोठी २ लहान ५. निवटी ३ वाटे, एक वाटा घरी. कोलंबी नाही. पाण्यावर तेल दिसलं नाही.